सतरा नंबरचं शून्य

खड्डा खणून तयार होता. अंबादासभाऊंनी डिझेलचा कॅन बांधावर आणून ठेवला होता. कृषी खात्याचे निरीक्षक बाभळीखाली खुर्ची टाकून चहा पीत होते. ते साक्षीला. त्यांच्या डोळ्यांदेखत जाळलं नाही, तर सरकारदरबारी ते जळतच नाही. ज्वारीच्या कणसांची पोती खड्ड्याच्या काठाशी रचलेली होती, आणि मी अंगात पांढरा कोट, पायात लॅबच्या रबरी चपला अशा अवतारात काळ्या मातीतून धापा टाकत चालले होते.

"देशमुख सर, थांबवा हे. जाळू नका."

आमच्या संशोधन केंद्राचे प्रमुख देशमुख सर माझ्याकडे वळले. "आता काय राहिलं, इंगळेमॅडम?"

"सतरा नंबरचा रिझल्ट चुकीचा आहे."

"शून्य आलंय. शून्य चुकीचं कसं असेल?"

"शून्य आलं म्हणूनच."

शेजारी डॉ. विशाखा थूल उभी होती. सतरा नंबर तिचा. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिच्या लेकराबद्दल मी वेडंवाकडं बोलले होते.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

आमचं केंद्र वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात आहे, एका खाजगी बियाणे कंपनीचं. मी तिथली केमिस्ट. केमिस्ट म्हटलं की नातेवाइकांना वाटतं मी औषधाच्या दुकानात बसते. भाचीच्या लग्नात एका काकांनी मला बाजूला घेऊन अॅसिडिटीची गोळी विचारली होती. माझं काम वेगळं आहे. धान्यात, सरकीच्या ढेपेत, खाद्यात बुरशीचं विष किती आहे ते मी मोजते आणि आकडा देते. तो कोणाला आवडेल, कोणाला झोंबेल, हे बघत नाही. त्यामुळे केंद्रात मला कोणी फारसं चहाला बोलवत नाही. माझी हरकत नाही. माझा चहा मी चांगला करते.

आता ज्वारी. आमच्या जिल्ह्यात जिकडे बघाल तिकडे कापूस आणि सोयाबीन. पण ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत ते कडब्यासाठी तरी थोडी ज्वारी पेरतातच. खरिपाच्या ज्वारीचा दाणा भरायला लागला की नेमका परतीचा पाऊस तिला गाठतो. कणीस ओलं राहतं, बुरशी चढते, दाणा काळा पडतो. काळा दाणा माणूस खात नाही. तो जातो जनावराला.

या बुरशांमधली एक जात झिअरालेनोन नावाचं विष तयार करते. नाव अवघड आहे, पण त्याची खोडी समजायला सोपी. जनावराच्या शरीरात गेलं की ते मादीच्या हार्मोनचं सोंग घेतं. गाईला खोटा माज येतो. डॉक्टर येऊन रेतन करून, म्हणजे भरवून, जातात. गाय उलटते, गाभण राहत नाही. पुन्हा भरवा, पुन्हा उलटते. मालक डॉक्टरला नावं ठेवतो, डॉक्टर गाईला. घमेल्यातल्या काळ्या ज्वारीकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

विशाखाचं गेलं. ती मूळची जवळच्याच रोहण्याची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आई अजूनही गाई पाळते. केंद्रात रुजू झाली त्याच आठवड्यात ती मला म्हणाली होती, "मॅडम, आमच्या मोहल्ल्यातल्या गाई उलटताना मी लहानपणापासून पाहून राह्यली. तेव्हा वाटे नशीब आहे. पीएचडीत समजलं, बुरशी आहे."

तिने काय केलं ते सोप्या शब्दांत सांगते. या विषाच्या रेणूत एक कडी असते, दाराच्या कडीसारखी लागलेली. ती लागलेली आहे तोवरच त्याला हार्मोनचं सोंग जमतं. मातीतल्या एका दुसऱ्या, निरुपद्रवी बुरशीकडे ही कडी उघडणारं एन्झाइम असतं. एन्झाइम म्हणजे एकच काम न कंटाळता करत राहणारं प्रथिन. विशाखाने त्या एन्झाइमचा जीन घेऊन ज्वारीत घातला. बुरशी मरणार नव्हती, दाणाही काळाच पडणार होता. पण तिथे विष तयार झालं की दाणा स्वतःच ते मोडून टाकणार होता. जीन प्रत्येक रोपात वेगळ्या जागी जाऊन बसतो. कुठे चालतो, कुठे झोपून राहतो. म्हणून शेकडो रोपं करून त्यातली निवडावी लागतात. त्या निवडीत सगळ्यात तगडी ठरलेली ओळ म्हणजे सतरा नंबर.

असं पीक सरळ शेतात लावता येत नाही. दिल्लीची समिती परवानगी देते. कुंपण, जाळी, आजूबाजूला दुसरी ज्वारी नाही, आणि शेवटी चाचणीतलं सगळं जाळून टाकायचं. एक दाणाही बाहेर जाता कामा नये. शिवाय चाचणीत बुरशी यायलाच हवी, म्हणून फुलोऱ्यात आलेल्या ज्वारीवर आम्ही मुद्दाम बुरशीचं पाणी फवारतो, वरून तुषार चालू ठेवतो. शेतावरचं सगळं बघणारे अंबादासभाऊ पाठीवर पंप घेऊन म्हणायचे, "सारी दुनिया रोगावर औषध मारते, अन् आपण औषधाचे पैसे घेऊन रोग मारून राह्यलो."

हैदराबादच्या हेड ऑफिसने विशाखाला स्पष्ट सांगितलं होतं. या हंगामात विष जवळजवळ संपलेलं दिसलं तर पुढची परवानगी मागू. नाही दिसलं तर सतरा नंबर बंद, आणि तुम्ही सोयाबीनवर या. म्हणजे तिच्या इतक्या वर्षांच्या कामाचं काय होणार, हे माझ्या मशीनवर ठरणार होतं.

मशीनने सांगितलं, शून्य.

एकदा नाही, नमुन्यामागून नमुना. शेजारच्या वाफ्यातल्या साध्या ज्वारीत विषच विष, आणि सतरा नंबरमध्ये काही नाही. देशमुख सरांनी आर्वीहून बालुशाही मागवली. हैदराबादला फोन लावून "झिरो, सर, अॅब्सोल्यूट झिरो" असं इतक्या मोठ्याने सांगितलं की फोनची गरजच नव्हती. विशाखा माझ्या टेबलाशी आली, कागदावरच्या शून्यांवरून बोट फिरवलं आणि बालुशाही अर्धी मोडून मला दिली. मी ती खाल्ली, पण माझी नजर कागदावरच होती.

कारण मला शून्य आवडत नाही. बुरशी चढते दाण्याच्या सालीवर. एन्झाइम असतं दाण्याच्या आत. आतल्याने बाहेरचं थोडंफार साफ केलं तर समजू शकते. पण कणभरही शिल्लक नाही? एवढी स्वच्छता माझ्या घरातल्या ओट्यावरही नसते.

शिवाय एक सुळका माझ्या डोक्यातून जात नव्हता. मशीन विष दाखवतं ते आलेखावरच्या सुळक्याने. सतरा नंबरच्या सगळ्या आलेखांत सपाट रेघ होती, एका आलेखात मात्र व्यवस्थित सुळका होता. लॅबमध्ये सगळ्यांनी तो बाद धरला. मशीन नीट तापलं नव्हतं म्हणाले. त्याच पोत्यातला दुसरा नमुना सपाट आला होता, म्हणजे पहिल्यातच काहीतरी गडबड, असं ठरलं.

मी त्या दिवशीचं आठवून पाहिलं. त्या दिवशी लाइन गेली होती.

इथे आमची मोजायची पद्धत सांगावी लागेल. बुरशी सगळ्या दाण्यांवर सारखी नसते. एक दाणा विषाने भरलेला, शेजारचा कोरा. म्हणून चिमूटभर पीठ तपासून चालत नाही. मोठा नमुना घ्यायचा, त्यात पाणी घालून मोठ्या मिक्सरमध्ये पातळ पिठल्यासारखं फिरवायचं. त्याला स्लरी म्हणतात. सगळं एकजीव झालं की त्यातलं थोडं उचलायचं, त्यात द्रावक घालून विष बाहेर काढायचं आणि मशीनला द्यायचं. पद्धत जुनी आहे, चांगली आहे, सगळीकडे चालते. आमच्याकडे सोय म्हणून सगळ्या स्लऱ्या बादल्यांत ओळीने ठेवायच्या आणि द्रावक शेवटी सगळ्यांत एकदम घालायचं, अशी रीत होती.

त्या दिवशी रीत चुकून एकाच नमुन्यात लगेच द्रावक पडलं आणि लाइन गेली. बाकीचे बादल्यांत तसेच बसून राहिले. लगेच उचलला त्यात सुळका. बसून राहिले त्यात शून्य.

एन्झाइमला काम करायला पाणी लागतं. कोरड्या दाण्यात ते जवळजवळ झोपलेलं असतं. आम्ही दाणा दळत होतो, पाणी घालत होतो, वर थोडा वेळही देत होतो. म्हणजे विष ज्वारीने शेतात मोडलं की आमच्या बादलीत?

मी एक साधा प्रयोग केला. साध्या काळ्या ज्वारीचं विषारी पीठ घेतलं आणि त्यात लॅबमध्ये शेवटचं उरलेलं सतरा नंबरचं थोडं पीठ मिसळलं. अर्ध्यात पाणी घालून ठेवलं, अर्ध्यात कोरड्यावरच आम्लाचं द्रावक ओतलं, कारण त्याने एन्झाइम जागच्या जागी मरतं. पाण्यातलं विष गेलं. द्रावकातलं जसंच्या तसं. साध्या ज्वारीत तर जीन नव्हताच, तिच्यातलं विष शेतात मोडण्याचा प्रश्नच नव्हता. बादलीच सगळं खात होती. त्या निकालाचा कागद मशीनमधून बाहेर आला आणि मी चपला न बदलता खड्ड्याकडे निघाले.

देशमुख सरांनी मला बाभळीपासून लांब नेलं.

"मॅडम, तुम्हाला चांगलं बघवत नाही का हो?"

"बघवतं. खरं असेल तर."

"शून्य आपल्या बाजूचं आहे. हैदराबादला कळवलंय. आज जाळायची तारीख आहे, साहेब येऊन बसलेत. तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"न दळलेली कणसं. थोडीच. लॅबमध्ये सील करून. पाणी न लावता पुन्हा मोजते."

"आणि विष निघालं तर?"

"तर निघालं."

सर मान हलवत राहिले. वाईट माणूस नाही. पण रिटायरमेंट जवळ आलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हेड ऑफिसने त्यांना स्वतःहून फोन केला होता. शेवटी म्हणाले, "चाचणीची जबाबदार अधिकारी विशाखा आहे. तिची सही लागते. तिला विचारा."

पोती जळली की प्रश्न मिटत होता. पुन्हा मोजायला काही उरणार नव्हतं, शून्य कायमचं शून्य राहणार होतं. हे सरांना समजत होतं, मलाही, आणि माझ्या हातातला कागद वाचून विशाखालाही समजलं होतं.

"काऊन पण, मॅडम?" ती म्हणाली. एरवी लॅबमध्ये ती अगदी पुस्तकी बोलते. "काऊन आजच? हे तुम्ही मले खड्ड्याच्या काठावर सांगून राह्यल्या?"

"मलाच आत्ता कळलं."

"अन् मी नाई म्हटलं तर?"

"तर मी रिपोर्टवर सही करणार नाही. पण तुझ्याकडून कणसं हिसकावूनही घेणार नाही."

ती पोत्यांकडे बघत उभी राहिली. अंबादासभाऊ काडेपेटी खिशात ठेवून दुसरीकडे बघू लागले. निरीक्षकांनी लांबूनच विचारलं, "काय मॅडम, पेटवायचं का? लॅबसाठी काही काढायचं असेल तर आत्ता काढा, माझ्यासमोर सील करा. एकदा पेटलं की मी जबाबदार नाही."

विशाखा पुढे गेली. एका पोत्याचं तोंड सोडलं. मला वाटलं, ती वरची चार कणसं उचलून देईल. तिने पूर्ण पोतं ताडपत्रीवर ओतलं आणि खाली बसून निवडू लागली. मग दुसरं. तिसरं. जे कणीस सगळ्यात काळं, ज्याच्यावर बुरशीचा गुलाबी पांढरा कापूस सगळ्यात जास्त, तेच बाजूला ठेवत गेली.

"अगं, सरमिसळ नमुना घे," मी म्हटलं. "इतकी वाईट निवडलीस तर तुझंच नुकसान."

"पाऊस काय चांगली कणसं सोडून पडते का?" ती म्हणाली. "मोजाचंच असलं तर हे मोजा."

मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला. आजही वाटतो. आपलं काम बुडण्याची शक्यता समोर दिसत असताना आपल्याच हाताने सगळ्यात कठीण पेपर काढणारी माणसं माझ्या नोकरीत मी फार पाहिली नाहीत.

पिशवीला लाख लागली, सह्या झाल्या. उरलेलं पेटलं. अंबादासभाऊंनी जाळाला हात जोडले. "काळी असली तरी खायची वस्तू आहे बापा," म्हणाले आणि काठीने कणसं आत ढकलत राहिले.

आता पाण्याशिवाय मोजायचं होतं. कणसं इतकी थंड करायची की एन्झाइमला हलताच येऊ नये, गोठलेलीच दळायची आणि वरून लगेच द्रावक ओतायचं. त्याला द्रव नायट्रोजन लागतो. आमचा नागपूरहून यायचा आणि त्या आठवड्यात आला नव्हता. मी आर्वीत जनावरांच्या एका खाजगी डॉक्टरांकडे गेले. कृत्रिम रेतनासाठी वळूच्या बीजाच्या कांड्या ते त्याच नायट्रोजनमध्ये ठेवतात.

"मॅडम, याच्यात आम्ही बैलाचं बी ठेवतो," ते म्हणाले. "तुम्ही काय ठेवणार?"

"ज्वारी."

"ज्वारी कायले गोठवता?"

"तुमच्या गाई उलटू नयेत म्हणून."

ते हसले, पण भांडं भरून दिलं.

आकडा आला. शून्य नव्हता. सतरा नंबरच्या सगळ्यात काळ्या कणसांत विष होतं. साध्या ज्वारीच्या मानाने अर्ध्याहून कमी, पण होतं. शेतात एन्झाइमने काम केलं होतं हे नक्की. मात्र हेड ऑफिसने मागितलं होतं तेवढं नाही.

देशमुख सरांनी कागद वाचून टेबलावर पालथा घातला. "अर्धं म्हणजे नापास."

"अर्धं म्हणजे अर्धं," मी म्हटलं.

विशाखाने रजेचा अर्ज दिला आणि आर्वीच्या डेपोतून रोहण्याची एसटी पकडून घरी गेली. मी तिला फोन केला नाही. काय बोलणार होते? खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मी माझ्या मशीनवरही चिडले होते.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत लोखंडी घमेलं. ते तिने माझ्या स्वच्छ, पुसलेल्या टेबलावर ठेवलं. वर ढेपेचा वास.

"हे काय?"

"आईचं घमेलं. मॅडम, तुम्हाले माहीत आहे आमच्या घरी गाईले ज्वारी कशी घालतात?"

"दळून?"

"दळून, अन् ढेपेसोबत भिजवून. दुपारी भिजत घालते आई, सांजच्याले दूध काढाच्या वेळी गाईसमोर ठेवते. आंबोण. कोरडी ज्वारी आमच्या इकडे गाईच्या तोंडी कोणी घालतच नाई." मग शब्द सावकाश निवडत म्हणाली, "तुमची बादली चुकीची नव्हती, मॅडम. ती शेताबद्दल खोटं सांगत होती. गोठ्याबद्दल खरं सांगत होती."

मी उठले आणि तिच्यासाठी चहा टाकला. माझ्याकडे हा मोठा सन्मान समजतात.

अर्थात, म्हणून झालं नाही. मोजावं लागलं. सतरा नंबर जनावराच्या तोंडी घालायची परवानगी नव्हती, त्यामुळे गाय नाही, फक्त घमेलं. साध्या काळ्या ज्वारीचं पीठ, ढेप, विहिरीचं पाणी आणि सील केलेल्या कणसांतून सतरा नंबरचं मूठभर पीठ. दुपारी भिजवायचं आणि संध्याकाळी, गाईसमोर ठेवायच्या वेळेला, द्रावक घालून थांबवायचं. एन्झाइम ढेपेत अडकेल का, पाण्यातल्या क्षाराने बिथरेल का, माझ्या मनात दहा शंका. मी सगळ्या तपासल्या. विशाखाने माझ्या डोक्यात न आलेल्या आणखी शोधून काढल्या. थंडीतल्या पहाटे भिजवलं तर काय? वेळ कमी पडतो, विष थोडं उरतं. तेही लिहून ठेवलं. ऊन असताना भिजवलेल्या आंबोणात मात्र विष उरत नव्हतं. म्हणजे सतरा नंबर नुसता स्वतःपुरता नव्हता. त्याचं मूठभर पीठ दुसऱ्या काळ्या ज्वारीलाही साफ करत होतं, आणि ते गाईच्या पोटात जायच्या आधी.

पण हैदराबादला "अॅब्सोल्यूट झिरो" जाऊन बसलं होतं. नवा रिपोर्ट घेऊन आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी सगळा वाचला. घमेल्याचा फोटो दोनदा पाहिला. मला वाटलं, आता म्हणतील की गोठ्याचा आकडा तेवढा ठेवा आणि शेताचा काढा. तसं झालं असतं तर भांडायची माझी पूर्ण तयारी होती, घरून ठरवूनच आले होते.

त्यांनी फोन उचलला.

"सर, देशमुख, वर्धा. तो झिरो शेताचा नाही... नाही सर, मशीन बरोबर आहे... हो, मीच सांगितलं होतं. आता हेही मीच सांगतोय." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. कान लाल झाले. शेवटी म्हणाले, "रिपोर्ट असाच जाईल, सर. नाहीतर माझ्या सहीशिवाय जाईल."

फोन ठेवून आमच्याकडे न बघता म्हणाले, "जा आता. स्पेलिंग तपासा."

भांडण वाया गेलं म्हणून मला थोडं वाईट वाटलं. पण बाहेर आल्यावर मी आणि विशाखा एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की अंबादासभाऊ विचारायला आले, पगार वाढला का म्हणून.

समितीची बैठक व्हिडिओवर झाली. पडद्यावर चौकटीत चौकटी, बहुतेकांचे कॅमेरे बंद. विशाखाने माहिती दिली. मी मागे बसले होते. तिचं बोलणं संपलं तसा एका वयस्कर सदस्यांचा कॅमेरा उघडला. पांढरे केस, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"एन्झाइम असलेला दाणा तुम्ही पाण्यात फिरवला असेल, तर तुमचा आकडा शेताचा की भांड्याचा? तुमच्याआधी आलेल्या कोणालाही मी हे विचारलं की लोक गप्प होतात."

देशमुख सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी विशाखाकडे. ती गप्प झाली नाही.

"दोन्ही वेगळे दिलेत, सर. शेताचा पहिल्या पानावर, भांड्याचा दुसऱ्या पानावर."

"पहिल्या पानावर तर कमी चांगला आकडा आहे."

"हो सर. तो आधी घडतो."

त्यांनी पहिलं पान पुन्हा उघडलं. मग चष्मा काढून म्हणाले, "ज्यांनी हे मोजलं त्यांचं नाव काय?"

"डॉ. इंगळे, सर. अन् त्याच्या आधी आमच्या आईचं घमेलं," विशाखा म्हणाली, आणि पडद्यावरच्या बंद कॅमेऱ्यांमागूनही कोणीतरी हसलं.

पुढच्या टप्प्याची परवानगी आली. मनुष्याच्या खाण्यासाठी नाही, जनावराच्या भिजवलेल्या खाद्यासाठी, पशुवैद्यांच्या देखरेखीखाली. सतरा नंबर बंद झाला नाही, आणि विशाखा सोयाबीनवर गेली नाही. परवानगीच्या कागदाला एक जोडपत्र होतं. अशा प्रकारच्या कुठल्याही पिकाचा नमुना यापुढे आधी थेट द्रावकात, मग वेगळा पाण्यात मोजावा, अशी सूचना त्यात होती. पद्धत शब्दशः माझी होती, फक्त माझं नाव नव्हतं. मी तो कागद फ्रेम करून लॅबमध्ये लावला आहे. नातेवाईक आले की दाखवते. त्यांना काही कळत नाही, तरी दाखवते.

नवीन मुलं लॅबमध्ये आली की मला विचारतात, चांगलं केमिस्ट कसं व्हायचं. मी त्यांना एवढंच सांगते. वाईट आकडा आला की सगळं जग तो तपासतं. चांगल्या आकड्याला तपासणारं कोणीतरी लागतं. आमच्या केंद्रात पूर्वी मी एकटी होते, आता आम्ही दोघी आहोत.